जाऊबाईंचं वाळवंट

आपल्या घरचा नळ गळतोय तो गळू देऊन, अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या माणसांच्या विहिरी शोधत बसणारी बाई जगात एकच आहे, आणि नशिबाची थट्टा अशी की ती माझी सख्खी मोठी जाऊ आहे. इतरांच्या जावा निवृत्त झाल्या की बागेत गुलाब लावतात, क्रूझवर जाऊन बिघडलेलं पोट घेऊन परत येतात, नाहीतर नातवंडांना शुभं करोति शिकवायला जाऊन स्वतःच कार्टून बघायला लागतात. आमच्या जाऊबाईंनी वाळवंट घेतलं. अमेरिकेतलं, ॲरिझोनाच्या बाजूचं, नॅव्हाहो नावाच्या तिथल्या मूळ रहिवाशांचं. घेतलं म्हणजे विकत नव्हे. पण एखादी गोष्ट त्यांनी एकदा हातात घेतली, की ती परत मिळवायला मूळ मालकाला वकील लावावा लागतो, एवढं मी अनुभवावरून सांगते. माझं पुरणयंत्र अजून त्यांच्याकडे आहे.

जाऊबाई स्टॅनमोरला राहतात आणि आम्ही रीडिंगला. देवाने आमच्यात एवढा मोटरवे ठेवला ही त्याची कृपाच. त्या उत्तर लंडनमधल्या एका हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट होत्या. उमेदीची सगळी वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या छात्या, कवट्या आणि मणके वाचण्यात गेली. त्याचा परिणाम असा झाला, की कुठलीही वस्तू उजेडासमोर धरल्याशिवाय त्यांना ती खरी वाटत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याकडे जेवायला आल्या, तेव्हा माझी पुरणपोळी त्यांनी दोन बोटांत धरली, खिडकीसमोर उंच केली, एक डोळा बारीक केला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "डाव्या कडेला पुरण पोचलेलं नाही. बाकी नॉर्मल." पुढे त्यांनी चांगल्या दोन पोळ्या तूप ओढून खाल्ल्या, पण रिपोर्ट तो रिपोर्ट. "मी एकदा दिलेला रिपोर्ट परत घेतलेला नाही," हे वाक्य त्या इतक्या वेळा म्हणतात की त्यांच्या दाराच्या पाटीवर नावाखाली तेच कोरायला हवं. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, भूल देणारे डॉक्टर. त्यांनी हॉस्पिटलात रुग्णांना झोपवलं आणि घरी जाऊबाई बोलायला लागल्या की स्वतःला. संसार टिकला तो त्यामुळे.

आता ही बाई त्या वाळवंटाचा नकाशा करायला बसली, यातला विनोद कळायला त्यांचं दिशाज्ञान ठाऊक हवं. स्टॅनमोरहून रीडिंगला यायला फार अक्कल लागत नाही. पण गाडीतल्या सॅटनॅवमधली बाई त्यांना उद्धट वाटते, म्हणून त्या तिचा आवाज बंद ठेवतात आणि मनाने वळतात. माझ्या लेकीच्या वाढदिवसाला आम्ही सगळे केक धरून थांबलो होतो. जेवणं आटपली, केक आटपला, आणि मग फोन आला तो ऑक्सफर्डहून. "गाव छान आहे गं. पण तुझं घर काही सापडत नाही," म्हणाल्या, जणू मी ते लपवून ठेवलं होतं. सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये भाऊजींना गाडीजवळ खांबासारखं उभं करून ठेवावं लागतं, नाहीतर जाऊबाई ट्रॉली घेऊन शेजारच्या गावी पोचतील. अशा बाईला वाळवंटातली वाट आखायला देणं म्हणजे मांजराला दुधावर राखण बसवणंही नव्हे. मांजराला निदान दूध कुठे आहे ते माहीत असतं.

याला कारण रेवा. रेवा ही त्यांची एकुलती एक मुलगी, माझी पुतणी. जन्म इथला, शिक्षण केंब्रिजचं, मराठी तिची स्वतःची, घरच्या घरी केलेली. डॉक्टर होऊन ती नॅव्हाहो लोकांच्या प्रदेशातल्या एका छोट्या दवाखान्यात नोकरीला गेली. एका संध्याकाळी आम्ही स्टॅनमोरला असताना तिचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"आई, इकडे घरांचा ॲड्रेसच नाही. ॲम्ब्युलन्सला सांगितला, निळा टाकी पास कर, मग टायर दिसेल, मग लेफ्ट. आणि ती टायर कोणीतरी उचलला होता! ड्रायव्हर इतका वेळ फिरला, आई. ती आजोबा वाचला, पण जस्ट."

मग तिने सगळं सांगितलं. तिथल्या बऱ्याच घरांना नळ नाही. लोक गाडीत पिंपं टाकून लांबून पाणी आणतात. जवळ विहिरी आहेत, पण काहींच्या शेजारी जुन्या युरेनियमच्या खाणी, त्यामुळे ते पाणी पिण्यासारखं नाही. तिथल्या एका वस्तीच्या पाणी समितीने ठरवलं होतं, की आपला नकाशा आपणच करायचा. घरं कुठे, वाटा कुठे, चांगलं पाणी कुठे, वाईट कुठे. ज्या घराची नकाशावर खूण, त्या घराला पाण्याची टाकी बसणार आणि तिथवर टँकर जाणार. जे घर नकाशावर नाही, ते नाही. उपग्रहावरून काढलेल्या फोटोंवर घरं आणि वाटा आखायला समितीला घरबसल्या मदत करणारी माणसं हवी होती. रेवाने हे नुसतं सहज सांगितलं. जाऊबाईंना निवृत्त होऊन जेमतेम महिना झाला होता आणि घरातल्या सगळ्या वस्तूंचे रिपोर्ट देऊन झाले होते. पोरीला कळायला हवं होतं.

पुढच्या वेळी आम्ही गेलो, तर जेवणाच्या टेबलावर एक्स-रे बघायचा असतो तसला भलाथोरला मॉनिटर, भर दुपारी पडदे ओढलेले, आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन सोफ्यावर. त्या साली गणपती मायक्रोवेव्हवर बसला. आरती चालू असताना जाऊबाईंचा एक डोळा अंधारात चमकणाऱ्या मॉनिटरवर होता. प्रसादाऐवजी मला खुर्चीत बसवलं.

"बघ. हा चेस्ट एक्स-रे आहे असं समज. या सगळ्या पायवाटा, मेंढ्यांच्या. या व्हेसल्स, रक्तवाहिन्या. जिथे सगळ्या येऊन मिळतात, तिथे काय असणार?"

मला दिसत होतं ते करपलेलं पिठलं. तसं मी म्हटलं.

"पाणी असणार!" त्या म्हणाल्या, आणि करपलेल्या पिठल्यातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. तिथे खरोखर पवनचक्की होती, म्हणजे तिची सावली होती. बाईंना सावली वाचता येते, एवढं मी कबूल करते. पण कबूल करणं निराळं आणि त्यासाठी थंड जेवण जेवणं निराळं.

मग संयमाचं पर्व सुरू झालं. तिकडच्या लोकांना पाणी वाहून आणावं लागतं, म्हणून इकडे पाहुण्यांनी नळ सोडायचा नाही. बेसिनजवळ भाऊजी तांब्या घेऊन उभे. इतक्या वर्षांनी त्या माणसाला घरात काहीतरी पद मिळालं. हातावर धार धरायचे, आणि जाऊबाई आतून ओरडायच्या, "पुरे!" बाहेर नोव्हेंबरचा पाऊस खिडक्या धूत होता, गटारं वाहत होती, बागेत चिखल झाला होता, आणि आम्ही आत टिश्यू पेपरने ताटं पुसत होतो. माझ्या नवऱ्याने शेवटी धीर करून विचारलं, "वहिनी, आपण इथे हात धुतले नाहीत म्हणून तिकडे कुणाला पाणी मिळणार आहे का?"

"नाही मिळणार," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण तुला कळेल."

नवऱ्याला काय कळलं ते मला माहीत नाही. मला एवढंच कळलं, की यापुढे घरून हात धुऊन निघायचं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी हॉलभर बायकांना वाळवंटाचे फोटो दाखवले आणि वाण म्हणून प्रत्येकीला एकेक प्लास्टिकचा मग दिला. "एवढ्या पाण्यात सकाळ काढून बघा," म्हणाल्या. बायकांनी तिळगूळ खाल्ला, हातातला मग उलटा करून किंमत चिकटलेली आहे का ते पाहिलं, आणि एका काकूंनी प्रश्न विचारला, "अमेरिकेत असं असतं का हो? आमचा मुलगा न्यू जर्सीला आहे, तो कधी काही बोलला नाही." जाऊबाईंनी त्या काकूंकडे, उजेडासमोर धरल्यासारखं, नीट निरखून पाहिलं. रिपोर्ट काही दिला नाही, पण तो नॉर्मल नसणार.

आणि मग झरा प्रकरण घडलं. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. लागोपाठ फोन वाजायला लागला, म्हणून कोणीतरी गेलं असं समजून मी बाहेर धावले.

"सापडला!" जाऊबाई ओरडल्या.

"कोण?"

"झरा! कड्याच्या पोटात आहे, सावलीत. कुणालाच दिसला नसता. अगं, फक्त एक हिरवी रेघ आहे, हेअरलाइन फ्रॅक्चरसारखी! मी नाव पण दिलं. सुशीला स्प्रिंग."

सुशीला हे त्यांच्या आईचं नाव. आता हीच बाई, दर भारतभेटीत महाबळेश्वरला गेली की प्रत्येक पॉइंटच्या पाटीसमोर उभी राहून, साहेबाने आमच्या कड्यांना आपली नावं ठोकलीच कशी, म्हणून इतका आरडाओरडा करते की घोडेवाले घोडे वळवतात. मी म्हटलं, "वहिनी, हे साहेबासारखंच नाही का झालं?"

"साहेबाने विचारलं नव्हतं."

"तुम्ही विचारलंत?"

"विचारणार आहे," त्या म्हणाल्या आणि फोन आपटला.

ते विचारणं घडलं तेव्हा मी हजर होते, आणि पैसे टाकूनही असा खेळ बघायला मिळाला नसता. पाणी समितीच्या प्रमुख लोरेन नावाच्या बाई होत्या. तिथल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आखूड पांढरे केस, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आणि संपूर्ण शाळा एका नजरेत खाली बसवणारे डोळे. तिकडची सकाळ, इकडची संध्याकाळ. व्हिडिओ सुरू झाला. लोरेनबाईंनी आधी आपली ओळख करून दिली. त्या आईकडून कुठल्या कुळातल्या, वडिलांकडून कुठल्या, दोन्ही आजोबांची कुळं कुठली, असं सगळं शांतपणे, आधी त्यांच्या भाषेत आणि मग इंग्रजीत. ओळख संपवून त्या थांबल्या आणि जाऊबाईंकडे बघत राहिल्या.

स्टॅनमोरमध्ये माणूस ओळख करून देताना हॉस्पिटलचं नाव सांगतो आणि घराची किंमत सुचवतो. पण जाऊबाई ताठ बसल्या आणि सुरू झाल्या. माहेर कुठलं, सासर कुठलं, दोन्हीकडची गोत्रं, आईचं माहेर वाईचं, आजोळची कुलदेवता कोण, मग माझ्याकडे बोट करून, "ही माझी धाकटी जाऊ, हिचं माहेर नाशिकचं, स्वभाव तिखट." सगळं इंग्रजीत. मी लाजून टेबलाखाली जायच्या बेतात होते. लोरेनबाईंनी मात्र अक्षर न् अक्षर ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"आता तुम्ही कोण ते कळलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही आखलेल्या वाटा चांगल्या आहेत. तो झरा पुसा."

"का?" जाऊबाईंचा आवाज चढला. "ते पाणी आहे! पाण्याचाच नकाशा करतोय ना आपण?"

"टाक्यांचा करतोय. विहिरींचा करतोय. तो झरा आमचा आहे, आम्हाला माहीत आहे तो कुठे आहे. तो आम्ही कागदावर घालत नाही."

"पण ॲम्ब्युलन्सला, टँकरला..."

"ॲम्ब्युलन्सला तहान लागत नाही," लोरेनबाई म्हणाल्या. "आणि त्याला नाव आहे. आधीपासून."

खोलीत असा सन्नाटा पसरला की भाऊजी जागे झाले. जाऊबाईंनी "कनेक्शन फार वाईट आहे," असं म्हणून मॉनिटर बंद केला. कनेक्शन उत्तम होतं.

पुढे कित्येक दिवस स्टॅनमोरहून फोन नाही. मी घरी जाहीर केलं, की वाळवंट विकायला निघालं, आता बाई ब्रिज खेळतील. रविवारी आम्ही जेवायला गेलो, तर पडदे उघडे. आमटीचा भुरका मारता मारता जाऊबाई म्हणाल्या, "पुसला."

"काय?"

"झरा. लोरेनला फोन केला. म्हटलं, रिपोर्ट चुकला माझा."

भाऊजींची वाटी तोंडापाशीच थांबली. इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात उच्चारलं गेलं नव्हतं, पोरीच्या बाबतीत नाही, कर्जाच्या बाबतीत नाही, माझ्या पुरणपोळीच्या बाबतीत तर नाहीच.

"म्हटलं, खरं नाव काय आहे तेवढं तरी सांगा. तर नाही म्हणाली!" जाऊबाई एकदम हसल्या. "खमकी बाई आहे हो."

तिथून दोघींचं जे मेतकूट जमलं, त्याला तोड नाही. रोज संध्याकाळी फोन. दोघींना हुकूम सोडायची सवय, दोघी एकाच वेळी बोलत आणि दोघींना एकमेकींचं सगळं ऐकू जाई. होगन म्हणजे तिथलं जुन्या धाटणीचं आठकोनी घर, त्याचं दार पूर्वेला असतं, हे लोरेनबाईंनी सांगितल्यावर जाऊबाईंनी आठवडाभर सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवलं, जणू वास्तुशास्त्राला अखेर साक्षीदार मिळाला. फोटोत दार दिसत नाही, पण पूर्वेकडून निघालेली वाट दिसते, म्हणजे घर राहतं आहे. वाट बुजली असेल तर घर ओस. विहीर असूनही पाणी वाईट असेल तिथे लाल खूण, चांगलं असेल तिथे निळी. लोरेनबाई एकेका भागात गाडी घालून खात्री करत आणि जाऊबाईंच्या चुका त्यांना चुका म्हणून सांगत. जगात हा अधिकार आणखी कुणालाच नाही.

मग एका शुक्रवारी मला फोन आला. "उद्या ये. काम आहे." कारण नाही, विचारपूस नाही. रीडिंगहून ट्रेन, बॉन्ड स्ट्रीटला बदलून ट्यूबचं शेवटचं स्टेशन, तिथून चढण, असा प्रवास करून मी पोचले, तर त्यांनी मला मॉनिटरसमोर बसवलं आणि स्वतः शेजारी खुर्ची घेतली.

"उजव्या कोपऱ्यात काय दिसतंय?"

"वहिनी, माझी परीक्षा घ्यायला शनिवार घालवलात?"

"काय दिसतंय सांग."

"चौकोन. करडा."

"करडा म्हणजे? भाकरीचा की पत्र्याचा?"

"भाकरीचा."

"सावली?"

"नाही."

"म्हणजे छप्पर नाही. पडलेलं घर. पुढे."

असं तासभर चाललं. माझं डोकं उठलं. एवढी वर्षं ज्या बाईने मला पोळीचंही निदान करू दिलं नाही, ती आज मला विचारून विचारून हैराण करत होती. मी चहाच्या निमित्ताने उठून स्वयंपाकघरात आले आणि भाऊजींसमोर कपाटाचं दार जरा जोरातच लावलं.

भाऊजी आलं किसत होते. ते मान वर न करता म्हणाले, "तिला मधलं दिसत नाही आता."

मला कळेना.

"पडदा झिजलाय दोन्ही डोळ्यांचा. कडेचं दिसतं, मधोमध पुसलं जातं. चेहऱ्याकडे बघितलं की चेहरा जातो. इंजेक्शनं चालू आहेत. निदान तिनेच केलं, दाराची चौकट वाकडी दिसायला लागली तेव्हा." त्यांनी आलं चहात टाकलं. "कुणाला सांगू नको म्हणाली. पण नकाशा राहिलाय, आणि तुझी नजर चांगली आहे, असं तिचं म्हणणं."

माझी नजर चांगली आहे, असं त्या बाईने कधी माझ्या तोंडावर म्हटलं असतं तर! मी चहा घेऊन बाहेर आले. जाऊबाई मॉनिटरच्या अगदी एका कडेला मान वळवून बसल्या होत्या, कोंबडी बघते तशा, तिरक्या. पायांचा आवाज ऐकून पटकन सरळ झाल्या.

"सांगितलं ना त्याने?" त्या म्हणाल्या. "आयुष्यात एकदा बोलला आणि तेही चुगली करायला. बस. खालचा भाग राहिलाय."

मी बसले. त्या शनिवारी, पुढच्या शनिवारी, आणि मग सगळ्याच शनिवारी. नवरा म्हणाला, तुला झालंय काय? मी म्हटलं, काही नाही, माझं पुरणयंत्र सोडवून आणायचंय. दर खेपेला सकाळी मी आणलेला डबा त्या उघडत, वास घेत आणि मीठ कमी आहे म्हणत. मग मी बघायची आणि त्या वाचायच्या. मी "काळा डाग" म्हटलं की त्या विचारत, "कडा धारदार की फुगीर?" फुगीर म्हणजे झाड, धारदार म्हणजे टाकी. मी चुकले की, "तुझ्यासारख्या ज्युनियरला मी हाकललं असतं," असं म्हणत. मी म्हणत असे, "हाकला की. मला रीडिंगला बागेत गवत कापायचंय." कुणीच हाकललं नाही.

तो खालचा भाग म्हणजे नुसत्या दऱ्या आणि लाल माती. समितीला टाक्यांची यादी पाठवायची वेळ आली होती आणि आम्ही शेवटच्या फोटोवर होतो. मी म्हटलं, "इथे काही नाही. एक मेंढ्यांचा गोठा आहे, मोडका. झालं, संपलं वाळवंट."

"गोठ्याला सावली आहे?"

"आहे."

"वाट जाते?"

"नाही. म्हणजे... रेघ आहे एक, पुसट. केसासारखी."

"कुठून कुठे?"

मी चष्मा काढून पडद्याला नाक लावलं. रेघ गोठ्याच्या पूर्वेकडून निघत होती, दरीच्या कडेने जात होती आणि आम्ही लाल खूण केलेल्या विहिरीपाशी संपत होती.

जाऊबाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "मेंढ्यांची वाट पसरट असते गं, दहा ठिकाणी फुटते. ही एकच आहे ना? सरळ?"

"एकच."

"माणूस चालतोय. घाल घर."

"वहिनी, तुम्हाला दिसत नाहीये, मला दिसतंय! गोठा आहे तो!"

बोलल्यावर मी जीभ चावली. जाऊबाईंनी माझ्या चेहऱ्याच्या बाजूला कुठेतरी पाहिलं आणि नेहमीच्याच खणखणीत आवाजात म्हणाल्या, "म्हणूनच सांगते. तुला गोठा दिसतोय. लोरेनला फोन लाव."

लोरेनबाईंनी ती वाट कुठून कुठे जाते ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, तिथे एक म्हातारा राहत असे, बायको गेल्यावर तो मुलीकडे गावात गेला असं सगळे समजत होते. मुलगी समजत होती की तो भावाकडे आहे. "मी जाऊन येते," त्या म्हणाल्या आणि त्याच दिवशी गेल्या. म्हातारा गोठ्याच्या एका कोपऱ्यात पत्रा टाकून मेंढ्यांबरोबर राहत होता. बायकोच्या पडलेल्या घराजवळ राहायचं होतं, एवढंच त्याचं म्हणणं. चांगलं पाणी लांब आणि गाडी बंद पडलेली, म्हणून तो त्या लाल खुणेच्या विहिरीचं पाणी पीत होता. रेवाने त्याला दवाखान्यात नेऊन तपासण्या केल्या. आता त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं, पण वेळेत कळलं, असं ती म्हणाली. यादीत शेवटचं घर म्हणून त्याची खूण पडली. खूण माझ्या हाताने पडली, हे जाऊबाई कुणाला सांगत नाहीत.

परवाच्या शनिवारी, चहाच्या वेळी, लोरेनबाईंचा फोन आला. त्या म्हाताऱ्याच्या दारात उभ्या होत्या. टाकी बसली होती आणि पहिला टँकर आला होता. त्यांनी व्हिडिओ लावला. जाऊबाईंनी मान इकडे केली, तिकडे केली, मग सोडून दिलं.

"सांग," त्या मला म्हणाल्या.

"लाल माती आहे सगळीकडे. पांढरी टाकी आहे, चौथऱ्यावर. टँकर आहे. म्हातारबाबा आहेत, टोपी घातलीय. हडकुळे आहेत. मागे मेंढ्या." मला आणखी बरंच दिसत होतं, पण तेवढ्यात मला चष्मा पुसावा लागला. चहाची वाफ होती.

लोरेनबाई पलीकडून आमच्याकडे बघत होत्या. त्यांना डोळ्यांबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं, किंवा रेवाने सांगितलं असेल. त्या टाकीवर चढल्या आणि फोन त्यांनी टाकीच्या तोंडापाशी धरला. चित्र काळं झालं. नुसता आवाज यायला लागला. आधी रिकाम्या टाकीत पडणाऱ्या धारेचा, पत्र्यावर ताशा वाजावा तसा, आणि मग हळूहळू खोल, भरीव.

जाऊबाईंनी डोळे मिटले. भाऊजी किटली हातात घेऊन दारातच थांबले. पलीकडून म्हातारबाबा त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. लोरेनबाईंनी सांगितलं, "ते विचारताहेत, लंडनच्या बाईला ऐकू येतंय का?"

"येतंय हो," जाऊबाई म्हणाल्या. "येतंय, येतंय."

त्या मराठीत बोलल्या, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. तिकडूनही कुणी अर्थ विचारला नाही. एवढी मोठी टाकी भरायला वेळ लागतोच. माझी रीडिंगची ट्रेन गेली, चहा गार झाला, आणि ती काठोकाठ भरेपर्यंत आमच्यापैकी कुणीही फोन बंद केला नाही.